स्वल्प सरी

अवरेकाई बाजारात आली की मी भाव नंतर विचारते, आधी एक शेंग उचलून नाकाशी धरते. उग्र, तेलकट असा तिचा वास असतो आणि बोटांना लागला की साबणानंही हटत नाही. इथले लोक त्याला सोगडु म्हणतात, आणि ज्या शेंगेला सोगडु नाही ती गुरांना घाला, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत. पुण्याहून लग्न होऊन आले तेव्हा मी ती शेंग बघून मोठ्या ऐटीत म्हणाले होते, अगंबाई, हा तर आपला पावटा. त्यावर घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू त्यांच्या कुलदैवतालाच नावं ठेवली होती. परवा जयनगरच्या बाजारात पुन्हा ते हिरवे ढीग दिसले. ढिगामागे मफलरनं कान बांधलेली बाई बसली होती, तिनं ओळखीचं हसून माप भरलं. रिक्षात बसले तेव्हा बोटांचा वास डोक्यात चढला होता आणि घर येईपर्यंत मी काही जयनगरात नव्हते.

त्या वासाला चिकटून दुसरा एक वास येतो, वाळूत मुरलेल्या तेलाचा. हा वास आता कुणाला सांगून कळायचा नाही. तेव्हाच्या बंगळुरात गोल्फच्या मैदानावर, जिथं चेंडू शेवटी भोकात घालवायचा असतो तिथं, हल्ली टीव्हीवर दिसते तशी कापलेली हिरवळ नव्हती. तिथं वाळूचा एक मोठा गोल असे. वाळूत तेल मिसळून, दाबून, गुळगुळीत केलेला. हिरवा नाही म्हणून त्याला ब्राउन म्हणायचे. सकाळच्या धुक्यात तो काळपट ओला दिसे आणि ऊन चढायला लागलं की वास सोडे. साठचं दशक नुकतं लागलं होतं, माझ्या लग्नानंतरचा तो पहिला हिवाळा, आणि तो सगळाच्या सगळा या दोन वासांत गुंडाळून माझ्याकडे ठेवलेला आहे.

बी.ए.चं शेवटचं वर्ष अर्ध्यावर असताना मला स्थळ आलं. परीक्षा काय पळून जातेय, असं म्हणत वडिलांनी लग्न उरकलं. परीक्षेला बसायचं तर मला दोन-तीन महिने पुण्याला माहेरी जाऊन राहायला हवं होतं आणि बसणार की नाही ते संक्रांतीच्या आत कॉलेजला कळवायचं होतं. मला बसायचं होतं. फार बसायचं होतं. तांदूळ निवडताना मी तोंडातल्या तोंडात अर्थशास्त्राच्या व्याख्या घोकत असे. पण मी नवी सून, आणि सासर म्हणजे तीनशे वर्षं बंगळुरात मुरलेलं मराठी घर. तिथं आलेली सून लगेच पुस्तकं घेऊन परत निघाली, असं कुणी ऐकलं नव्हतं.

सल्ले मात्र उदंड. अण्णा, म्हणजे माझे सासरे, चिकपेटेत त्यांचं साड्या-कापडाचं दुकान होतं, ते म्हणाले वर्षभर जाऊ दे, मग बघू. आमचे हे म्हणाले, अक्का म्हणतील तसं. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. शेजारच्या एकीनं विचारलं, पदवी घेऊन गल्ल्यावर बसणार आहेस का? दुसरी म्हणाली, जा बाई, नंतर पोरंबाळं झाली की कसली परीक्षा. त्या दिवसांत सल्ला न देता नुसती कॉफी पिऊन गेलेलं माणूस मला आठवत नाही. एकट्या अक्काच काही बोलत नव्हत्या. हो नाही, नाही नाही. मी विषय काढला की त्या शांतपणे माझ्याकडे बघत आणि हातातलं काम पुढं चालू ठेवत. त्यांच्या त्या न बोलण्याचीच मला जास्त धास्ती वाटे.

आणि अक्का गोल्फ खेळत. मी पुण्याला कळवलं तेव्हा आईला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. त्याचं झालं असं, की साहेब लोक गेले तसे क्लबाला सभासद कमी पडायला लागले. ज्या क्लबात अण्णा पडदे नि टेबलावरची कापडं पोचवायला मागच्या दारानं जात, त्याच क्लबानं त्यांना पुढच्या दारानं बोलावलं. अण्णांनी हौसेनं काठ्यांचा जुना संच घेतला, काही रविवार भरपूर माती उडवली, मग कंबर धरली आणि नाद सोडला. सोबत गेलेल्या अक्का व्हरांड्यात बसून हे सगळं बघत असायच्या. एक दिवस उठल्या आणि म्हणाल्या, मी बघू का जरा? त्या दिवसापासून संच अक्कांचा झाला.

त्या नऊवारीतच खेळत. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, घट्ट काष्टा, पदर कमरेला खोचलेला. सुरुवातीला क्लबातल्या बायका रुमालाआड हसल्या म्हणे. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की स्कर्टात आणि गोल पातळात पाय अंतरावर रोवून उभं राहताना आपली जी तारांबळ होते ती या बाईची होतच नाही. हसणं आपोआप थांबलं. अक्कांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही, मीच ही गोष्ट आल्यागेल्याला सांगत बसते.

बायकांचा खेळ गुरुवारी सकाळी असे. एका गुरुवारी शेजारच्या दोघी मला समजवायला ओट्यावर येऊन बसल्या होत्या. अक्का आतून तयार होऊन आल्या, त्यांच्याकडे बघून गोड हसल्या आणि मला म्हणाल्या, 'चल.' मी चप्पल घालून निघाले. गोल्फ बघायला नेतायत, एवढंच मला तेव्हा कळलं होतं. त्या मला कशातून उचलून नेत होत्या, ते बऱ्याच वर्षांनी कळलं.

मैदानावर धुकं होतं. गवतावर दव, सिल्व्हर ओकच्या रांगा, वर घारी, आणि शाली पांघरलेल्या बायका इतक्या हळू बोलत होत्या की मला वाटलं कुणी आजारी आहे. ब्राउनपाशी पोचल्यावर मी सरळ पलीकडे जायला निघाले. अक्कांनी दंडाला धरून थांबवलं. म्हणाल्या, सडा घातलेल्या अंगणात रांगोळी काढायच्या आधी पाय टाकतेस का? चेंडू इथं, भोक तिथं, आणि या दोहोंच्या मध्ये जिचा चेंडू तिची रेघ असते. दिसत नाही, पण असते. तिच्यावर पाय द्यायचा नाही. आपली असली तरी तिला हात लावायचा नाही. मी बघितलं, तर सगळ्या बायका त्या न दिसणाऱ्या रेघा ओलांडून, वळसे घालून चालत होत्या. आमच्या घरात तर दिसणाऱ्या उंबऱ्यावरसुद्धा लोक खुशाल पाय देत.

मग बाकीचे नियम एकेक करून कळत गेले. जिचा चेंडू भोकापासून लांब, ती आधी. ती रेघ बघायला बसली की बाकीच्यांनी दगडासारखं उभं राहायचं. तिच्या मागं, रेघेच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, भोकाच्या पलीकडेही नाही, कारण तिला तुम्ही दिसता. आपली सावली तिच्या रेघेवर पडू द्यायची नाही. माझ्या हातात लग्नाचा हिरवा चुडा होता. तो वाजेल म्हणून अक्कांनी मला रुमाल दिला आणि त्या स्वतः करायच्या तसं बांगड्या कोपराकडं चढवून बांधायला शिकवलं. चेंडूमागं पाय रोवून काठी टेकवण्याला इंग्रजीत ॲड्रेस करणं म्हणतात. ह्यांनी मला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं, की अक्का आधी चेंडूला पत्ता सांगतात आणि मगच पाठवतात. मी बरेच दिवस ते खरं धरून चालले होते.

एक नियम त्यांनी मला दोनदा सांगितला. खेळणारीनं सल्ला कुणालाही विचारायचा नाही. विचारायचा तर आपल्या जोडीदाराला, नाहीतर काठ्या वाहणाऱ्या आपल्या कॅडीला. दुसऱ्या कुणाला रेघ विचारली की तो होल, म्हणजे त्या भोकापुरता डाव, गेला, समोरचीला दिला. मी मनात म्हटलं, हा नियम आमच्या ओट्यावर लागू केला तर अर्धी गल्ली हरेल.

अक्का रेघ बघायच्या ते मी अजून डोळे मिटून बघू शकते. आधी त्या चेंडूच्या मागं जाऊन चुलीपुढं बसावं तशा उकिडव्या बसत. एक डोळा बारीक. दुकानात नव्या साडीचा काठ सरळ आहे की नाही ते बघायला त्या साडी ताणून धरत आणि असाच डोळा बारीक करत. मग उठून लांबून वळसा घालून भोकाच्या बाजूनं बघत, पुन्हा येत. कॅडीला विचारायची मुभा होती, पण त्याला विचारताना मी त्यांना पाहिलं नाही. घाई नाही, पण उगीच रेंगाळणंही नाही, कारण मागून येणाऱ्यांना ताटकळत ठेवणं हाही असभ्यपणाच. शेवटी पाय रोवून त्या उभ्या राहत आणि त्या क्षणी सगळं मैदान त्यांच्यासाठी गप्प होई. हेच मला विलक्षण वाटायचं. समोरची बाई, जी त्यांना हरवायला आली होती, तीसुद्धा श्वास धरून उभी असे. म्हणजे, तुला जिंकायचंय मला माहीत आहे, मलाही जिंकायचंय, पण तुझी रेघ तू नीट बघ, मी आड येणार नाही. इतकी मोठ्या मनाची सभ्यता मी तोवर कुठल्या खेळात बघितली नव्हती, माणसांत तर त्याहून कमी.

आमच्या वाड्यातल्या, गल्लीतल्या खेळांत समोरच्याचा नेम चुकावा म्हणून ओरडणं हाच अर्धा खेळ होता. गोट्यांत, विटीदांडूत, लग्नाच्या मांडवात, सगळीकडेच. कुणी नेम धरला की आपण दुरून सूचना द्यायच्या, हसायचं, खांद्याला धक्का द्यायचा. अजूनही तेच चालतं. माझी सून नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करायचा विचार करत होती तेव्हा माझी जीभ किती वळवळली ते माझं मला माहीत. मी पानाचा डबा घेऊन गच्चीत जाऊन बसले. ती मला विचारायला गच्चीत आली तेव्हा बोलले, त्याआधी नाही. हे शहाणपण माझं नव्हे, त्या ब्राउनवरून उचलून आणलेलं आहे.

पण त्या हिवाळ्यात मला एवढी अक्कल नव्हती. अक्का मैदानावर गप्प राहतात तो शिष्टाचार, आणि घरात गप्प राहतात तो राग, असं मी धरून चालले होते. त्यांना माझं जाणं पसंत नाही, फक्त वाईटपणा घ्यायचा नाही म्हणून बोलत नाहीत, अशी मी स्वतःची खात्री करून घेतली. संक्रांत जवळ येत होती. रात्री मी ह्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत पडायची.

त्या घरातली मराठी शिकणं हाही एक अभ्यासच होता. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये उतरायचं. थोडं म्हणायचं तिथं स्वल्प. आणि दर दोन वाक्यांनी सरी. आधी मला वाटलं, हे लोक सारखे पावसाच्या सरींबद्दल का बोलतात? मग कळलं, सरी म्हणजे बरोबर, ठीक, चालेल. भाजीवाला सरी म्हणे, जटकेवाला, म्हणजे आपला टांगेवाला, सरी म्हणे, दूध घालणारी सरी म्हणून जाई. मीही शिकले. कुणी काही म्हटलं की मान हलवून सरी म्हणायचं, म्हणजे सून हुशार आहे असं लोक म्हणत. मला तो शब्द पुरता आला आहे, अशी माझी समजूत होती.

आणि मग तो सामना आला. हिवाळ्यातल्या बायकांच्या सामन्यांची अखेरची फेरी, चांदीचा एक छोटासा कप. अक्का इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिथवर पोचल्या होत्या. वरकरणी काही दाखवत नव्हत्या, पण आदल्या दिवशी सांबारात मीठ पडलं नाही, त्यावरून आम्ही ओळखलं. समोर होत्या मिसेस मूर्ती. उंच, तरतरीत, क्लबात इंग्रजीशिवाय दुसरा शब्द न उच्चारणाऱ्या. सोबत पंच म्हणून मिसेस हॉब्सन चालत होत्या, नवरा वारल्यावरही विलायतेला परत न गेलेल्या, नियमांचं पुस्तक पाठ असलेल्या. दोघी खेळणाऱ्या अगदी बरोबरीनं शेवटच्या ब्राउनवर आल्या. मिसेस मूर्तींचा चेंडू भोकात गेला होता, पण एक फटका जास्त घेऊन. अक्कांचा चेंडू भोकापासून दोन-तीन हातांवर होता. हा एका फटक्यात गेला की होल आणि कप अक्कांचा.

अक्का उकिडव्या बसल्या. मी पलीकडे, ब्राउनच्या कडेला उभी होते, जीव मुठीत धरून. इतकं नीट शिकवलेलं असूनही त्या घाईत माझं भान सुटलं होतं. मी बरोबर त्यांच्या रेघेच्या टोकाला उभी होते, सूर्य माझ्या पाठीशी होता आणि माझी लांबलचक सावली भोकावरून थेट चेंडूपर्यंत गेली होती. अक्कांनी मान वर केली आणि अगदी हळू म्हणाल्या, 'सरी.'

मला भरून आलं. अशा घटकेला अक्का मला विचारतायत, ठीक ना? मी जोरात मान हलवली आणि म्हणाले, सरी. आणि तिथंच उभी राहिले.

अक्का क्षणभर माझ्याकडे बघतच राहिल्या. मग पुन्हा, तितक्याच हळू, 'स्वल्प सरी.'

थोडं ठीक? मला वाटलं, बाईंना धीर हवाय. मी हसून म्हणाले, हो हो, सरी, अगदी सरी.

मिसेस हॉब्सननी हात वर केला आणि खेळ थांबला. त्यांनाही सरी हा शब्द येत होता, त्यांचा स्वयंपाकी दिवसभर तोच म्हणे. बरोबर, मॅडम. त्यांनी शांतपणे अक्कांना विचारलं, रुक्मिणी, तुझी रेघ बरोबर आहे का, असं तू त्या मुलीला विचारलंस का? विचारलं असेल तर नियमाप्रमाणे होल मिसेस मूर्तींचा, आणि सामनाही. अक्कांचं इंग्रजी गोल्फपुरतंच होतं. त्या म्हणाल्या, मी तिला बाजूला हो म्हटलं. एवढंच. मग मिसेस हॉब्सन माझ्याकडे वळल्या. मी घाबरले होते, पण खोटं बोलायचं नाही एवढं ठाऊक होतं. मी सांगितलं, त्यांनी मला बरोबर का असं विचारलं आणि मी बरोबर म्हटलं. माझं बी.ए.चं इंग्रजी आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं आणि घात करून गेलं.

आजूबाजूला चुळबुळ झाली. चिकपेटेतली दुकानदारीण शेवटी काहीतरी करणारच, असा तो आवाज होता. कप गेला तर गेला, पण अक्कांनी फसवलं असं ठरत होतं, आणि ते मला आत्ता कुठं कळत होतं. अक्का मात्र तशाच उभ्या. त्यांनी मला डोळे वटारले नाहीत, पुन्हा खुलासा केला नाही, देवाची शपथ घेतली नाही. एकदा सांगितलं ते सांगितलं. मिसेस हॉब्सन पेचात पडल्या. तिथं कन्नड घरातली अशी एकच बाई होती, जिला खरं काय ते विचारता आलं असतं, आणि ती म्हणजे मिसेस मूर्ती. ज्यांनी नुसतं गप्प राहायचं ठरवलं असतं तरी कप त्यांच्या घरी गेला असता.

मिसेस हॉब्सननी विचारलं, या शब्दाचा दुसरा काही अर्थ होतो का?

मिसेस मूर्तींनी हातातली काठी कॅडीकडे दिली. मग म्हणाल्या, 'होतो. माझी आई चुलीवरून कढत भांडं उचलून निघाली, की दारात उभ्या असलेल्या आम्हा पोरांना हेच म्हणायची. सरी. बाजूला हो.' आणि त्यांनी पुढं जोडलं, 'रुक्मिणीबाई म्हणतात त्यांनी बाजूला हो म्हटलं, म्हणजे तसंच म्हटलं. मला आणखी काही विचारायचं नाही.'

मग त्या स्वतः चालत माझ्यापाशी आल्या, रेघ चुकवून, लांबून वळसा घेऊन. माझा कोपर धरून त्यांनी मला चार पावलं बाजूला नेऊन उभं केलं आणि माझ्या शेजारीच उभ्या राहिल्या. माझी सावली गवतावर गेली. ब्राउनवर स्वच्छ ऊन पडलं. त्या बाईंना मी आयुष्यात पुन्हा फार भेटले नाही, पण मोठं माणूस कसं दिसतं असं कुणी विचारलं तर मला त्याच आठवतात.

अक्का पुन्हा पहिल्यापासून सगळं करून आल्या. बसल्या, डोळा बारीक केला, वळसा घातला, उभ्या राहिल्या. चेंडू निघाला, तेलकट वाळूवर मागं पुसट खूण सोडत गेला आणि भोकाच्या अगदी काठावर जाऊन बसला. आत गेला नाही. बरोबरी झाली, म्हणून पुढं आणखी एक होल खेळल्या, आणि तो मिसेस मूर्तींनी जिंकला. दोघींनी हात मिळवले. मग अक्कांनी गोणपाट गुंडाळलेली लांब दांड्याची फळी ओढत ब्राउन सारखा केला. मागून येणाऱ्यांना तो कोरा मिळायला हवा, हाही नियमच. आपल्या हरलेल्या चेंडूची खूण त्यांनी स्वतःच्या हातानं पुसली आणि फळी जागेवर ठेवली.

घरी येताना जटक्यात मी रडत होते. माझ्यामुळे, माझ्यामुळे, एवढंच येत होतं तोंडातून. अक्का म्हणाल्या, तुझी सावली गेल्यावर मी चुकले, तुझ्यामुळे कसं? आणि वाटेत जटका थांबवून त्यांनी मोठी पिशवी भरून अवरे घेतल्या. आधी वास घेऊन, अर्थातच.

दुपारी आम्ही दोघी मागच्या पायरीवर भिजवलेल्या अवरेचे दाणे दाबत बसलो होतो. दाणा चिमटीत धरून दाबला की साल हातात राहते आणि आतली डाळ टपकन परातीत पडते. नवीन माणसाची डाळ परातीत पडत नाही, उडून अंगणात जाते. माझी बरीचशी अंगणात होती. सकाळच्या रडण्यानं माझं धाडस वाढलं असावं. मी विचारलं, अक्का, परीक्षेचं सगळे बोलले, तुम्ही काहीच का बोलला नाहीत?

त्या दाणा दाबतच म्हणाल्या, 'चेंडू तुझा. तू रेघ बघत बसलेली. मी मागं उभं राहून काय बोलू?'

मी म्हटलं, पण मीच विचारलं तर?

आता त्यांनी हात थांबवला. 'मग नियम बघावा लागेल. जोडीदाराला विचारलं तर चालतं. समोरचीला विचारलं तर होल जातो. मी तुझी कोण, ते आधी तू ठरव.'

असलं काही सुनेला कुणी विचारतं का हो? सासू म्हणजे समोरची, हे आम्हा पोरींना जात्यावरच्या ओव्यांपासून शिकवलेलं. माहेरून निघताना आईनं चार गोष्टी कानात सांगितल्या होत्या त्या सगळ्या सांभाळून राहण्याच्या होत्या. आणि ही बाई परातीवर हात थांबवून बसली होती, आपण कुठल्या बाजूच्या ते मी सांगेपर्यंत. मी म्हटलं, जोडीदार.

'मग विचार.'

'पुण्याला जाऊ का?'

अक्का म्हणाल्या, 'सरी.'

त्यांना काय म्हणायचं होतं, बरोबर आहे, का हल आता इथून? मी विचारलं नाही. सकाळी एका अर्थावर अडून बसले त्याचा प्रसाद मिळाला होता. मी दोन्ही अर्थ घेतले आणि परातीत तोंड खुपसून पुढचा दाणा दाबला. तो नीट पडला.

अण्णांना त्यांनीच सांगितलं. अण्णा म्हणाले, नव्या सुनेला कोणी असं पाठवतं का, लोक काय म्हणतील? अक्का म्हणाल्या, लोक या सामन्यात नाहीत. अण्णांनी स्वतः गोल्फ सोडलेला, त्यांनी टोपी घातली आणि दुकान गाठलं. संक्रांतीच्या आत कॉलेजला कळवलं गेलं. पुढं मी पास झाले, शिक्षिका झाले, याच शहरात पोरांना व्याख्या पाठ करायला लावून जन्म काढला. अक्कांना तो कप कधीच मिळाला नाही. मिसेस मूर्ती गुरुवारी भेटल्या की त्या दोघी आपसात कन्नडमध्ये बोलायला लागल्या होत्या, एवढं मात्र झालं.

मी निघाले ती संध्याकाळची गाडी होती. फलाटावर अण्णा होते, सामान चढवणारे आमचे हे होते, आणि सल्ला द्यायला शेजारच्या दोघीही आल्या होत्या. मी खिडकीशी बसले होते. अक्का डबा घेऊन खिडकीपाशी आल्या, तळलेल्या अवरेचा, अजून गरम होता. माझ्या हातात त्यांनी तो दिला. ऊन त्यांच्या पाठीशी होतं, तिरपं, आणि त्यांची सावली खिडकीतून माझ्या मांडीवर, माझ्या पुस्तकांच्या पिशवीवर पडली होती. अक्कांचं तिकडे लक्ष गेलं. कुणी काही म्हटलं नव्हतं, तरी त्या चार पावलं बाजूला सरल्या, आणि माझ्या खिडकीत ऊन आलं.